शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.: प्रवेश कोणाला, पदवी कशावर?

१८ जून २०२४ रोजी देशभरात नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संगणकावर फेरपरीक्षा घ्यावी लागली. एरवी असा गोंधळ परीक्षार्थींपुरता राहिला असता. पण याच परीक्षेपासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जाणार होते. त्यामुळे एका परीक्षेबरोबर अनेक विद्यापीठांचे प्रवेशही अडकले, आणि पीएच.डी.ला कोणाला घ्यावे, कोणत्या कसोटीवर घ्यावे हा जुना वाद पुन्हा वर आला.

हा वाद सगळ्याच विषयांत आहे. शिक्षणशास्त्रात मात्र त्याला आणखी दोन पदर आहेत. इथली पदवी ज्ञानशाखेची पदवी आहे आणि व्यवसायाची पात्रताही आहे. शिवाय ती घेणाऱ्यांत पूर्णवेळ विद्यार्थ्यांइतकेच, किंबहुना अधिक, नोकरी सांभाळणारे शिक्षक, प्राध्यापक आणि मुख्याध्यापक असतात. म्हणून सर्वांसाठी केलेला नियम इथे येऊन वेगळाच परिणाम घडवतो. त्या परिणामांची आज काय स्थिती आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

नियम कसे घडत गेले

भारतात शिक्षणशास्त्राच्या उच्च पदव्यांची सुरुवात मुंबई विद्यापीठापासून सांगितली जाते. १९३६मध्ये तिथे एम.एड. सुरू झाले आणि १९४३मध्ये शिक्षणशास्त्रातील पहिली पीएच.डी. तिथेच दिली गेली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) दोन गोष्टी बजावल्या. शिक्षक-प्रशिक्षण हे विद्यापीठाच्या मुख्य प्रवाहापासून तुटून पडले आहे, आणि शिक्षण हा प्रशिक्षणापुरता विषय न राहता स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून उभा राहायला हवा. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. त्यांनीच स्थापन केलेल्या आणि पुढे पुण्यात आलेल्या भारतीय शिक्षण संस्थेने अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांच्या अंगाने शिक्षणाकडे पाहणारे संशोधन महाराष्ट्रात रुजवले. तिकडे बडोद्यात एम. बी. बुच यांनी १९७४मध्ये देशातील शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्या मालिकेचे पुढचे खंड आजही अनेक संशोधकांच्या संदर्भसूचीत असतात.

२००९पर्यंत प्रवेशाचा मार्ग विद्यापीठागणिक वेगळा होता. साधारण क्रम असा असे: एम.एड. झाले की गाइड शोधायचा, त्यांचा होकार मिळवायचा, आराखडा समितीपुढे मांडायचा आणि नोंदणी करून घ्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी हे बदलले. प्रवेशपरीक्षा आली, किमान एका सत्राचे कोर्सवर्क आले, एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत याची मर्यादा आली आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट आली. २०१६च्या विनियमांनी ही चौकट आवळली: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक, किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, एका शोधनिबंधाबरोबर परिषदांमध्ये दोन सादरीकरणे. ७ नोव्हेंबर २०२२च्या विनियमांनी काही गाठी सैल केल्या, काही नव्या मारल्या. एम.फिल. बंद झाले. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर पदव्युत्तर पदवीशिवाय थेट पीएच.डी.चा दरवाजा उघडला. शोधनिबंधाची सक्ती गेली. अंशकालीन पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता मिळाली, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीला मात्र मनाई राहिली.

याच काळात शिक्षणशास्त्रावर दुसऱ्या संस्थेचेही नियम लागू होते, ते म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे. तिच्या २०१४च्या मानकांनी बी.एड. आणि एम.एड. दोन्ही दोन-दोन वर्षांचे केले आणि बी.एड. महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठी पीएच.डी. आवश्यक ठरवली. या मानकांमागे न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२चा अहवाल होता. तो आयोगही महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने नेमला होता. थोडक्यात, पीएच.डी. कशी द्यायची हे एक संस्था ठरवते आणि ती कोणाला लागते हे दुसरी. आजचे बरेच प्रश्न या दोन्हींच्या मधल्या जागेत आहेत.

प्रवेशपरीक्षा: पेट की नेट

मार्च २०२४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलेल्या व्यवस्थेत नेटच्या एकाच निकालातून तीन गट निघतात. पहिल्याला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश हे तिन्ही मिळते. दुसऱ्याला सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी., तर तिसऱ्याला फक्त पीएच.डी. शिष्यवृत्तीधारकांना मुलाखतीवर प्रवेश मिळतो. उरलेल्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण एक वर्ष चालतात. विद्यापीठांनी स्वतःची पीएच.डी. प्रवेशपरीक्षा, म्हणजे पेट, घेण्याची मुभा २०२२च्या विनियमांत आहे. त्यामुळे महाराष्ट्रात आज कुठे नेट, कुठे पेट, कुठे दोन्ही असे चित्र दिसते.

नेटच्या बाजूने सांगितले जाते ते वजनदार आहे. एका विद्यार्थ्याने पाच विद्यापीठांचे पाच अर्ज भरायचे, पाच वेळा फी भरायची आणि पाच ठिकाणी परीक्षेला जायचे, हा भुर्दंड थांबतो. ग्रामीण भागातल्या आणि विशेषतः घर सांभाळून अभ्यास करणाऱ्या शिक्षिकांना याचा फायदा होतो. पेटची वेळापत्रके अनियमित असतात, काही विद्यापीठांत ती दोन-दोन वर्षे होत नाही, ही तक्रारही खरी आहे.

विरोधाची बाजूही तितकीच ठोस आहे. विनियमांनुसार विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असायला हवेत. नेटच्या पहिल्या पेपरात दहा घटक आहेत आणि त्यांतला एकच संशोधन-अभिवृत्तीचा आहे, म्हणजे पन्नासात पाच प्रश्न. शिक्षणशास्त्राच्या दुसऱ्या पेपरातही दहापैकी एक घटक शैक्षणिक संशोधनाचा. अभ्यासक्रम, अध्ययनप्रक्रिया, शिक्षक-शिक्षण, समावेशक शिक्षण, व्यवस्थापन हे सगळे त्यात आहे, पण संशोधन करण्याची कुवत तपासायला जागा थोडी उरते. पर्यायी उत्तरांतून एखाद्याला विधाने ओळखता येतात की नाही हे कळते. प्रश्न मांडता येतो की नाही, हे मुलाखतीच्या ३० टक्क्यांवर सोडलेले आहे.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो भाषेचा मुद्दा, आणि त्याची चर्चा कमी झाली आहे. भाषाविषय सोडले तर नेट इंग्रजी आणि हिंदीतच होते. महाराष्ट्रात शिक्षणशास्त्र मोठ्या प्रमाणावर मराठीतून शिकले जाते. पाठटाचणे मराठीत, एम.एड.चे लघुप्रबंध मराठीत, पीएच.डी.चे प्रबंधही अनेकदा मराठीत. संशोधनाचा विषय असलेली शाळा तर बहुतेक वेळा मराठी माध्यमाचीच असते. मराठीत उत्तम प्रबंध लिहू शकणाऱ्या शिक्षिकेला दारातच दुसऱ्या भाषेत अडवायचे का, असा हा प्रश्न आहे. दुसरी बाजू सांगते की शिक्षणविषयक संशोधन-साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे आणि ते न वाचता पीएच.डी. करणे विद्यार्थ्याच्याच तोट्याचे आहे. हे म्हणणे खोटे नाही. पण वाचनाची भाषा कोर्सवर्कमध्ये शिकवता येते, प्रवेशाच्या दारात ती फक्त गाळणी होते.

पात्रता: एम.एड. हवेच का

शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.साठी ५५ टक्के गुणांसह एम.एड. ही पारंपरिक अट. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना पाच टक्के सवलत आहे. एम.ए. शिक्षणशास्त्र अनेक विद्यापीठे ग्राह्य धरतात. पण एम.एड.ला बी.एड. आधी लागते आणि एम.ए.ला लागत नाही, हा फरक पुढे नोकरीच्या वेळी आडवा येतो. पीएच.डी. हातात असूनही बी.एड. नाही म्हणून अध्यापक महाविद्यालयात अर्ज करता येत नाही, अशी स्थिती एम.ए.च्या मार्गाने आलेल्यांची होऊ शकते.

वर्षांचा हिशेब मांडला तर अंतर लख्ख दिसते. २०१४च्या मानकांपूर्वी पदवीची तीन, बी.एड.चे एक आणि एम.एड.चे एक, अशी बारावीनंतर पाच वर्षे लागत. त्यानंतर तीन, दोन आणि दोन मिळून सात झाली. आता चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के मिळवणाऱ्याला चारच पुरतात. त्यातही नेटच्या नव्या नियमाने चार वर्षांच्या पदवीधरांना पदवीचा विषय कोणताही असो, ज्या विषयात पीएच.डी. करायची त्या विषयात परीक्षा देण्याची मुभा दिली. म्हणजे रसायनशास्त्राचा पदवीधर शिक्षणशास्त्रात येऊ शकतो. एकाच वर्गात सात वर्षे शिकून, वर शाळेत दहा वर्षे शिकवून आलेली व्यक्ती आणि बावीस वर्षांचा नवपदवीधर शेजारी बसणार.

काही जणांना हे धोक्याचे वाटते. वर्गात कधी उभा न राहिलेला माणूस वर्गाबद्दल काय संशोधन करणार, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातच वेगळ्या वाटेची उदाहरणे आहेत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४पासून काम करते. तिथे विज्ञान शिक्षणाच्या पीएच.डी.साठी विज्ञान, अभियांत्रिकी, समाजशास्त्रे अशा विविध शाखांतून विद्यार्थी येतात. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पीएच.डी. कार्यक्रम आहे, तिथेही बी.एड.-एम.एड.ची साखळी लागत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षणाचा अभ्यास समाजशास्त्रांच्या शेजारी बसून होतो. अपूर्णांक शिकताना मूल नेमके कुठे अडखळते, विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती मुलांना कशी कळते, असे बारीक प्रश्न या वाटेने येणाऱ्यांनी उचलले. ज्याला गणित येते आणि शिकण्याबद्दल कुतूहल आहे, त्याने शिक्षणशास्त्रात यावे, हा कोठारी आयोगाच्या भूमिकेचाच विस्तार आहे. दरवाजा मोठा असावा, असे माझे मत आहे, मात्र विनाएम.एड. आलेल्याकडून शाळेत ठरावीक काळ निरीक्षणाचे काम करून घ्यावे. विनियमांत तशी अट नाही, पण विद्यापीठांना ती कोर्सवर्कमध्ये घालता येईल.

मधली वर्षे

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते आणि त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात. २०१९पासून संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा भाग सक्तीचा आहे. २०२२च्या विनियमांनी आणखी एक गोष्ट आणली: कोणत्याही विषयाच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण द्यायचे. त्यामुळे शिक्षणशास्त्र विभागांकडे भौतिकशास्त्र, वाणिज्य, इतिहास या सगळ्यांच्या संशोधकांना शिकवण्याचे काम येऊ शकते. ज्या विभागांत मंजूर पदेच रिकामी आहेत, तिथे हे कसे जमायचे, याचे उत्तर विनियमांत नाही.

मार्गदर्शकांची टंचाई इथेच जाणवते. आठ-सहा-चारची मर्यादा गुणवत्तेसाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, निवृत्तांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि मग प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी रिकाम्या जागेची यादी धरून बसतो. मार्गदर्शक मिळेल त्याच्या आवडीचा विषय घ्यावा लागतो. संशोधनाचा विषय ठरण्याची ही पद्धत कोणालाच मान्य नाही, तरी ती सर्रास चालते.

मुदत कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढतात, महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन मिळतात, एकूण मर्यादा दहा वर्षांची. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. शिष्यवृत्तीधारकाला २०२३पासून दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये मिळतात. नोकरी करणाऱ्या शिक्षकाला यातले काही नाही. त्याला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि अभ्यास मे महिन्याच्या व दिवाळीच्या सुट्टीवर ढकलावा लागतो. शैक्षणिक संशोधनासाठी वर्ग जवळून पाहण्याची संधी ज्याला सर्वाधिक, त्यालाच वेळ सर्वांत कमी.

पदवी कशावर द्यायची

शोधनिबंधाची सक्ती उठल्यावर मतभेद उघड झाले. सक्तीमुळे काय घडले, याचा पुरावा पुण्यातूनच आला. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे दाखवले, की विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या आणि निर्देशिकांत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्यानंतर मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने तिच्या कामात मध्यवर्ती भूमिका बजावली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ती यादीही बंद केल्याचे जाहीर केले. आता नियतकालिकाची पारख विद्यापीठांनी स्वतः करायची आहे.

सक्तीचे समर्थक म्हणतात, बाहेरच्या समीक्षकाने वाचलेला एक तरी मजकूर विद्यार्थ्याच्या नावावर असायला हवा, नाहीतर प्रबंध गाइड आणि परीक्षकांच्या पलीकडे कोणी वाचत नाही. विरोधक म्हणतात, पैसे घेऊन छापणाऱ्यांचा धंदा याच सक्तीवर पोसला गेला. मराठीत शिक्षणविषयक समीक्षित नियतकालिके मोजकीच असल्यामुळे मराठी संशोधकाची कोंडी अधिक होती, हेही लक्षात घ्यायला हवे. सक्ती उठवणे योग्य होते, असे मला वाटते. पण तिच्या जागी वाचकांसमोर जाण्याचा दुसरा मार्ग कोणी घातला नाही.

आता खुद्द प्रबंधाकडे येऊ. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा संग्रहात शिक्षणशास्त्राचे मराठी प्रबंध सहज वाचायला मिळतात. त्यातला एक परिचित साचा असा: इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी एखाद्या घटकावर कार्यक्रमाची निर्मिती आणि त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास. प्रायोगिक पद्धत, एकल गट, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी, टी-मूल्य, शून्य परिकल्पनेचा त्याग. पाच प्रकरणे: प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, कार्यपद्धती, विश्लेषण आणि अर्थनिर्वचन, निष्कर्ष व शिफारशी. कार्यक्रम परिणामकारक ठरतो, कारण तो शिकवल्यानंतर मुलांचे गुण वाढतात. पण नियंत्रित गट नसेल तर वाढ कार्यक्रमामुळे झाली की नुसत्या शिकवण्यामुळे, हे कळत नाही. या साच्यातही चांगले काम झाले आहे, एखाद्या शिक्षिकेने वर्गातल्या मुलांची उत्तरे इतकी बारकाईने नोंदवलेली असतात की ती तक्त्यांपेक्षा मोलाची ठरतात. अडचण अशी की तक्ते मुख्य मजकुरात असतात आणि त्या नोंदी परिशिष्टात.

तपासणीचे नियम कागदावर पुरेसे आहेत. किमान दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, शोधगंगेवर प्रत, आणि २०१८च्या विनियमांनुसार वाङ्मयचौर्याची पातळीवार शिक्षा: १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांत सुधारून पुन्हा सादर करायचे, ४० ते ६० असल्यास वर्षभर सादरीकरणास बंदी, ६०च्या वर नोंदणी रद्द. साम्य मोजणाऱ्या प्रणाली मराठी मजकुरावर इंग्रजीइतक्या भरवशाच्या नाहीत, आणि दुसऱ्या भाषेतून उतरवलेला मजकूर त्यांना सहसा पकडता येत नाही. शिवाय तोच अभ्यास दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या इयत्तेवर करणे हे चौर्य ठरत नाही. ते थांबवण्याचे काम आराखडा मंजूर करणाऱ्या समितीचे आहे.

दुसऱ्या प्रकारची डॉक्टरेट

संशोधक आणि व्यावसायिक या दोघांसाठी एकच पदवी, हा पेच अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या रीतीने सोडवण्याचा प्रयत्न झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १८९३मध्ये शिक्षणातील पीएच.डी. सुरू झाली. हार्वर्डने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला व्यवसायातल्या लोकांसाठी एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) आणली. पुढे दोन्हींमधला फरक पुसट होत गेला. २००५मध्ये आर्थर लेव्हिन यांनी शाळा-प्रशासकांसाठीची एड.डी. बंदच करावी असे सुचवले. २००६मध्ये ली शुलमन आणि सहकाऱ्यांनी उलट मत दिले: व्यावसायिकांसाठी वेगळी, तितकीच कसदार पदवी नव्याने घडवावी. २००७पासून अनेक विद्यापीठांनी एकत्र येऊन तसा प्रयत्न चालवला आहे, त्यात प्रबंधाचा विषय विद्यार्थ्याच्या कामाच्या जागेतील प्रत्यक्ष समस्या असतो. हार्वर्डने मात्र आपली एड.डी. थांबवून २०१४मध्ये पीएच.डी. सुरू केली. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२मध्ये एड.डी. आणली.

भारतात ही वाट रूढ नाही, म्हणून संशोधक व्हायचे असलेल्याला आणि प्राचार्य व्हायचे असलेल्याला एकाच पदवीतून जावे लागते. वेगळ्या पदवीला इथे विरोध होण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दोन पदव्या आल्या की एक दुय्यम मानली जाईल, आणि ती दुय्यम पदवी ग्रामीण, मराठी माध्यमातल्या शिक्षकांच्याच वाट्याला येईल, ही भीती अनाठायी नाही.

काय सुटलेले नाही

पीएच.डी.ची नोकरीशी असलेली सांगड कधी घट्ट होते, कधी सुटते. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी ती जुलै २०२१पासून सक्तीची होणार होती, मुदत जुलै २०२३पर्यंत लांबली, आणि ऐनवेळी सक्तीच मागे घेऊन नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरेशी ठरली. प्राचार्यपदाची अट मात्र कायम आहे. ही सांगड आहे तोवर संख्येचा रेटा राहणार. एम.एड.शिवाय येणाऱ्यांना पुढे अध्यापक महाविद्यालयांत जागा मिळेल का, याबद्दल अनुदान आयोग आणि अध्यापक शिक्षण परिषद यांचे नियम अजून एकमेकांशी जुळलेले नाहीत. नेट मराठीतून व्हावी की विद्यापीठांनी पेट राखावी, हा निर्णय राज्यातल्या विद्यापीठांनी एकत्र बसून घेतलेला नाही.

यातला एक भाग मात्र कोणत्याही नव्या विनियमाची वाट न पाहता करता येईल. नोंदणी झालेल्या प्रत्येक संशोधकाचे नाव, विषय, मार्गदर्शक आणि नोंदणीची तारीख संकेतस्थळावर ठेवणे विद्यापीठांना आजही बंधनकारक आहे. शिक्षणशास्त्र विभागांनी त्या यादीत आणखी तीन रकाने घालावेत: किती जणांनी पदवी घेतली, किती वर्षांत घेतली आणि किती जण मध्येच थांबले. प्रवेशाची कोणती कसोटी खरोखर उपयोगी ठरते, याचा वाद त्या आकड्यांवर करता येईल. आणि जे शिक्षक यंदा अर्ज भरणार आहेत, त्यांनी गाइडला भेटण्यापूर्वी त्याच विभागातून पूर्ण झालेले चार-पाच प्रबंध शोधगंगेवर उघडून नीट वाचावेत.